हरला की पोरगा म्हणतो, "मी कालिया नाय!"

औसेकर (औसा, जि. लातूर)

मंडळी, प्रश्न बारका आहे, पण त्यावरनं घरात रोज वाजायलंय म्हणून विचारतो.

पोरगा सहा वर्षांचा, पहिलीत. परवा आमच्या गल्लीच्या गणपतीत लिंबू-चमच्याची शर्यत होती. सात लेकरं पळाली, हा तिसरा आला. सातात तिसरा म्हणजे काही वाईट नाही. पण ह्यानं तोंडातला चमचा काढला, पहिल्या आलेल्या पोराच्या अंगावर भिरकावला आणि मांडवामागं जाऊन कनातीच्या कापडात तोंड खुपसून बसला. मी मागं गेलो. "काय झालं रे?" म्हणलं. तर हुंदके देत एकच, "मी कालिया नाय! मी कालिया नाय!"

मला आधी उलगडाच होईना. ह्याला कोण काळा म्हणलं की काय, असं वाटलं. बायकोनं सांगितलं, अहो, तो छोटा भीममधला कालिया.

मग मी चार-पाच दिवस दुकानाचा हिशेब घेऊन त्याच्या शेजारीच बसायला लागलो. एक डोळा खतांच्या बिलावर, एक टीव्हीवर. (बियाणं-खतांचं दुकान आहे माझं, दसरा-दिवाळीच्या आधी उधारीच्या वह्या काढाव्याच लागतात.) हे कार्टून 2008 ला पोगोवर सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळं कधी नीट बघितलंच नव्हतं. वाईट नाही हो. भीम गुणी पोरगा आहे, कुणाच्याही मदतीला धावतो. पण त्याच्या गावात, ढोलकपुरात, शर्यत असो, कुस्ती असो, शेवटी लाडू खाऊन अंगात जोर आणणार भीम आणि जिंकणारही भीम. कालिया ढोलू-भोलूला हाताशी धरून काहीतरी लबाडी करणार, चिखलात पडणार आणि सगळे खो-खो हसणार. म्हणजे माझ्या लेकराला दोनच जागा माहीत आहेत. जिंकला तो भीम, हरला तो कालिया. नीट खेळून हरलेला तिसरा कुणी त्यानं बघितलेलाच नाही. मग तिसरा नंबर आला की रडणार नाही तर काय करणार?

घरात तीन पक्ष आहेत. बायको म्हणते टीव्हीची वायरच काढा. आई म्हणते, लेकरू हाय, जिंकू द्या की, काय जातंय तुमचं. आणि वडील रोज संध्याकाळी त्याच्याशी सापशिडी खेळतात आणि रोज मुद्दाम हरतात. "गिळला गं माय सापानं!" करून पलंगावर आडवेच होतात. पोरगं खूश, आजोबा त्याहून खूश.

माझंही सांगून टाकतो. टीव्हीवर मॅच असली की अंपायरच्या सात पिढ्या मीच काढतो. आमच्या रिमोटच्या मागचं झाकण गेलंय, सेल रबरानं बांधलेत. ते झाकण कसं गेलं हे पोरानं बघितलेलं आहे.

तर प्रश्न असा की हरायचं कसं हे शिकवणारं कार्टून कुणाला माहीत आहे का? कुणी करून बघितलंय का असं काही? "टीव्ही बंद करा" एवढं सोडून सांगा, ते घरात ऐकायला मिळतंच.

---

केबलवाला भाचा (परभणी)

टीव्ही बंद करा.

चेष्टा केली, रागावू नका. माझा मामा परभणीत केबल चालवायचा. कार्टून नेटवर्क भारतात आलं 1995 ला, आणि आमच्या आळीत सगळ्यात आधी आमच्याकडं दिसायला लागलं. लोडशेडिंग नसेल तेव्हा. तर दादा, तुम्ही "वॅकी रेसेस" काढा. अमेरिकेत 1968 ला निघालेलं आहे, हॅना-बार्बेरा ह्या कार्टून कंपनीचं. अकरा गाड्या आणि प्रत्येक भागात दोन शर्यती. त्यातला डिक डास्टर्डली म्हणजे लांब मिशा, शेजारी खिखिखि हसणारं मटली कुत्रं आणि शून्य-शून्य नंबरची गाडी. ह्याची गंमत अशी की गाडी त्याची सगळ्यांत जोरात पळते. तो पुढं निघून जातो. सरळ चालवत राहिला तर जिंकेल की! पण नाही. हा थांबणार, गाडीतनं उतरणार, मागच्यांसाठी सापळा लावणार आणि स्वतःच त्यात अडकणार. एकूण चौतीस शर्यती झाल्या, एकही जिंकला नाही.

लहानपणी मी ओरडायचो टीव्हीसमोर, "अरे पळव की गाडी, थांबतोस कशाला!" रडीचा डाव कसा अंगाशी येतो हे मला कुणी शिकवलं असेल तर ह्या मिशावाल्यानं.

त्याच लोकांचं 1977 चं "लाफ-ए-लिम्पिक्स" पण आहे, ऑलिम्पिकची नक्कल. तीन टीम, त्यातली तिसरी पक्की चोर. बेइमानी पकडली की गुण कापतात. भीमच्या कार्टूनमध्ये लबाडाला भीमचा ठोसा बसतो, इथं नियम बसतो. हा फरक मला तरी मोठा वाटतो.

---

रियाची मम्मी (नांदेड)

औसेकर भाऊ, तुमच्या पोराचं वाचून हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण.

मी "ब्लूई" सुचवते. ऑस्ट्रेलियाचं आहे, ब्रिस्बेनमध्ये बनतं, 2018 ला सुरू झालं. कुत्र्यांचं कुटुंब आहे, दोन बहिणी आणि आई-बाप. इंग्रजीत आहे, पण सातेक मिनिटांचा एक भाग असतो आणि लेकरं चित्रावरनं समजून घेतात. त्यात पार्सल फिरवायच्या खेळाचा एक भाग आहे. आपण हळदीकुंकवाला खेळतो ना, गाणं थांबलं की कागद उलगडायचा, तोच. तिकडं आताशा प्रत्येक कागदाच्या आत एक-एक छोटं गिफ्ट ठेवायची पद्धत पडलीय, म्हणजे कुणीच रिकामं राहत नाही. तर एका पोराचा बाप म्हणतो, हे काय खेळणं झालं, आमच्यासारखं खेळा, मधोमध एकच मोठं बक्षीस. पहिल्या वेळी लेकरांचा नुसता गोंधळ, रडारड, बाकीचे आई-बाप त्या बापावर नाराज. मग पुढच्या वाढदिवसांना तसंच खेळत-खेळत हळूहळू लेकरं सरावतात. धाकटी बिंगो तर हात हलवत घरी जाते आणि तरी तिला चालायला लागतं.

हे बघताना मला आमच्या रियाच्या शाळेचा क्रीडा दिन आठवला. सगळ्यांना मेडल! शेवटून पहिल्या आलेल्या पोरालाही तेवढंच चकचकीत. रिया घरी येऊन म्हणाली, "मम्मी, हे खरं नाहीये ना?" सात वर्षांची आहे हो ती. त्यांना कळतं.

तुमच्या सासऱ्यां... म्हणजे तुमच्या वडिलांना तो भाग आधी दाखवा. 😄

---

औसेकर

रियाची मम्मी, वडिलांना कुत्र्यांचं कार्टून दाखवणं म्हणजे मलाच घराबाहेर जावं लागेल. केबलवाले, डास्टर्डली मी पण बघितलाय, नाव विसरलो होतो. आजच लावतो.

---

खो-खोवाले मास्तर (धाराशिव)

औसेकर, डास्टर्डली लावायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी हात भाजून बसलोय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खो-खो घेतो. आमच्याकडच्या पोरींना खो-खोचं वेड सांगून लावावं लागत नाही. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून प्रत्येक वाडीवर एक तरी पोरगी "मी सारिका" म्हणत पळते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 नं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. त्या दिवशी अंतिम सामना शाळेतल्या टीव्हीवर लावला होता आणि अर्धं गाव व्हरांड्यात होतं.

हा टीव्ही लोकवर्गणीतनं आलाय. शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा मी म्हणलं, चला, खेळाडूवृत्ती शिकवू. नेमकं तेच वॅकी रेसेस लावलं. पोरं हसून हसून लोळली. मी शेवटी दोन मिनिटं भाषण ठोकलं की बघा, लबाडी करणारा कधी जिंकत नाही वगैरे. मधली सुट्टी झाली. सुट्टीनंतर मैदानावर गेलो तर खो-खोच्या पाटीवर दोन ठिकाणी खड्डे, वरनं लिंबाचा पाला पसरलेला. एका पोरीचा पाय त्यात मुरगळला. खड्डा खणणाऱ्याला समोर उभा केला. "सकाळी काय शिकलास रे?" म्हणलं. तो खरंच विचार करून म्हणाला, "सर, खड्डा अजून खोल पाहिजे होता."

त्याला मारावं का त्याच्या पाया पडावं हे मला कळेना.

मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की हे फक्त माझ्याच वर्गात घडत नाही. अमेरिकेत 2008 ला मेरेस आणि अकोस्टा ह्या दोघी संशोधकांनी बालवाडीतल्या लेकरांना क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याच्या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात एक तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे त्याला बिचकतात आणि शेवटी दोस्ती करतात. बनवणाऱ्यांना सांगायचं होतं की वेगळं दिसणाऱ्या माणसाला दूर लोटू नका. बऱ्याच लेकरांनी काय घेतलं? तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. बास, तेवढंच. माणसापर्यंत गोष्ट आलीच नाही. लेकराच्या ध्यानात राहतं ते वीस मिनिटांचं भांडण, शेवटच्या एका मिनिटाचा समेट राहत नाही. आमच्या पठ्ठ्यानं तर चौतीस शर्यतींचं सार काढलं, खड्ड्याची खोली!

तर कार्टून कुठलं हा सवाल दुय्यम आहे. तुमच्या पोराला छोटा भीम आवडतो ना, तोच ठेवा. फक्त एका जागी थांबवा.

मी पुढच्या शनिवारी तेच केलं. भीम आणि कालियाची शर्यत असलेला भाग लावला. कालिया आपटला, सगळं ढोलकपूर हसलं, आमचा वर्गही हसला आणि तिथंच मी रिमोट दाबला. पडद्यावर कालियाचं चिखलात माखलेलं तोंड. म्हणलं, "आता हा घरी गेल्यावर काय होत असेल?" बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक पोरगी, जिचा बाप ऊसतोडीला जातो आणि जी वर्षातले चार-पाच महिने आजीकडं राहते, ती म्हणाली, "त्याची आजी म्हणत असंल, जाऊ दे, भाकर खा."

वर्ग एकदम शांत झाला. हसणारी सगळी शांत. मी पुढं काही बोललो नाही. बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

मग एकानं विचारलं, "सर, त्यानं लबाडी नसती केली तरी भीमच जिंकला असता. मग त्यानं करायचं काय?" बघा हा प्रश्न! खेळाडूवृत्तीचा अख्खा धडा ह्या एका वाक्यात आहे आणि मला ऐन वेळी उत्तर आलं नाही. पोरांनीच दिलं. कुणी म्हणालं परत खेळावं, कुणी म्हणालं भीमला विचारावं की तू सराव कसा करतोस. आणि तो खड्डेवाला म्हणाला, "सर, भीम लाडू खाऊन पळतो ते फाउल नाही का? खायचे तर सगळ्यांनी खायचे, नाहीतर कुणीच नाही." त्यावर अर्धा तास नुसता गदारोळ. उत्तेजक द्रव्यांवर एवढी चांगली चर्चा मी प्रशिक्षणातही ऐकली नव्हती.

टेक्सास टेक विद्यापीठातल्या लोकांनी 2016 ला दोन ते सहा वर्षांच्या लेकरांना डॅनियल टायगर नावाचं कार्टून दोन आठवडे दाखवलं. दुसऱ्याचं दुःख समजून घेण्यात फरक दिसला तो ज्या घरात आई-बाप टीव्हीवरच्या गोष्टींबद्दल लेकरांशी नेहमी बोलत होते तिथं. नुसतं बघून काही हललं नाही. माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. फक्त बोलायचं म्हणजे भाषण नको. एक भाग, एक थांबा, एक प्रश्न. दुसरा प्रश्न विचारलात की लेकरू म्हणतं "पप्पा, लावा ना पुढं", आणि ते बरोबर असतं.

कार्टून झालं की खरी शर्यत दाखवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मी वर्गात ती शर्यत लावली आणि शेवटची रेष आल्यावर थांबवली. केनियाचा किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंद, साबळे 8 मिनिटं 11.20. पाच शतांश सेकंदाचा फरक. पोरांना म्हणलं, एवढा वेळ टाळी वाजवून दाखवा. कुणालाच जमेना, टाळीच त्याहून लांब होते. मग विचारलं, हा हरला का? अर्धा वर्ग "हो", अर्धा "नाही, चांदी मिळाली". एकजण उठून म्हणाला, "सर, पण हा आपल्या बाजूचा हाय ना, मग हरला कसा?" ह्यावर मी काय बोलणार. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सोनं आणलं तेही दाखवलं, पण दुसऱ्या शनिवारी. त्याच दिवशी दाखवलं असतं तर पोरांनी परत तेच घेतलं असतं की शेवटी जिंकलं म्हणजेच सगळं ठीक.

आणि मैदानावर आमच्याकडं एक रिवाज आहे, तो तुमच्या घरातही चालेल. जिंकलेल्यांनी आवरायचं. सामना झाला की जिंकलेल्या संघानं बादल्या भरून मैदानावर पाणी मारायचं, खांब पुसून ठेवायचे. हरलेल्यांनी सावलीत बसून पाणी प्यायचं. गडी बाद झाला का नाही असा वाद आला तर ज्याला हात लागला त्यानं शिट्टीच्या आधी स्वतः हात वर करायचा. पहिल्या महिन्यात कुणी करत नव्हतं. मग एका पोरीनं केला, तिच्या संघानं तिला शिव्या दिल्या आणि मी तिला पुढच्या सामन्यात कर्णधार केलं. आता बरेच करतात. सगळे नाही. खड्डेवाला अजून करत नाही.

वडिलांना मात्र सांगा, मुद्दाम हरणं बंद. लेकराला कधी ना कधी कळतं आणि तेव्हा त्याला वाटतं की आपण जिंकलेलं सगळंच खोटं होतं. रिमोटच्या झाकणाबद्दल मी काही बोलत नाही.

---

हिंगोलीकर

मास्तर, वाचायला गोड आहे. पण बाहेर राज्य कालियाचंच आहे. तालुक्याच्या स्पर्धेत जन्मतारखेचे दाखले बदलून पोरं उतरवतात हे तुम्हाला माहीत नाही का? आपण आपल्या लेकरांना हात वर करायला शिकवायचं आणि त्यांनी बाद होऊन बसायचं?

---

खो-खोवाले मास्तर (धाराशिव)

माहीत आहे. चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेली पोरं बघितलीत मी, त्यांच्याशी हरलोय पण. त्या दिवशी परत येताना टमटममध्ये पोरी भांडत होत्या की आपण पण पुढच्या वेळी तसंच करू. मी काही बोललो नाही, कारण माझं पण डोकं फिरलेलं होतं. शेवटी त्यांच्यातच ठरलं की नको, आपण पकडले जाऊ. म्हणजे कारण चुकीचं, निर्णय बरोबर. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

एक मात्र सांगतो. कालिया चिखलात पडतो, त्याची फजिती होते, पण पुढच्या भागात तो परत तिथंच असतो आणि भीम त्याला परत खेळायला घेतो. त्याला कुणी गावाबाहेर काढत नाही. पोरं हे रोज बघतात आणि त्यांच्या ते ध्यानात येत नाही, कारण आपणही कधी दाखवत नाही.

---

रियाची मम्मी (नांदेड)

मास्तर, माझं उलटं दुखणं आहे. रिया हरली तरी काहीच वाटून घेत नाही. "हरले तर हरले" म्हणते आणि खायला मागते. ही खेळाडूवृत्ती का आळस?

---

केबलवाला भाचा (परभणी)

खायला काय मागते त्यावर आहे. लाडू मागत असेल तर सावध राहा.

---

खो-खोवाले मास्तर (धाराशिव)

रिया हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत खेळायला जाते का ते बघा. जात असेल तर द्या खायला. जात नसेल तर तिला खेळच आवडलेला नाही, दुसरा खेळ बघा.

---

औसेकर

मंडळी, दिवाळी गेली, आता वेळ मिळाला. काय झालं ते सांगतो.

पहिला आठवडा फसला. मी भीम थांबवून "कालियाच्या घरी काय होत असेल?" विचारलं तर पोरगा म्हणाला, "पप्पा, जाहिरात लागली का?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "त्याच्या घरी टीव्ही असेल." तिसऱ्या दिवशी मीच कंटाळलो. मग बायकोनं एक दिवस भाकरी थापता थापता आतनं विचारलं, "कालियाला कोण दोस्त आहे का रे?" तर हा दहा मिनिटं बोलत होता. ढोलू-भोलू खरे दोस्त नाहीत, ते पळून जातात, मी त्याचा दोस्त झालो असतो, पण त्यानं आधी सॉरी म्हणलं पाहिजे, वगैरे वगैरे. म्हणजे मी तोंडासमोर बसून परीक्षा घेत होतो म्हणून अडत होतं. आता प्रश्न स्वयंपाकघरातनं येतात.

साबळेची शर्यत आम्ही सहा वेळा बघितली. सहाव्या वेळी मी म्हणलं, "बघ, एवढ्याशा फरकानं." तर पोरगा म्हणाला, "मग पप्पा, अंपायरला शिव्या का नाही दिल्या तुम्ही?" बायको आतनं हसली. मी सेल काढून रबर नीट बांधलं.

वडिलांचं सांगायलाच आलोय खरं तर. त्यांना मी मास्तरांचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "मी माझ्या नातवाशी कसा खेळायचा ते मास्तर सांगणार का?" आणि त्याच संध्याकाळी परत सापशिडी मांडली. मी पेपर घेऊन बाजूला.

वडिलांना चार पडले. चार घरं गेले की शिडी होती, सरळ वर. पाचव्या घरात साप. वडिलांनी शांतपणे एक, दोन, तीन, चार, पाच असं मोजलं, सोंगटी सापाच्या तोंडात ठेवली आणि "गिळला गं माय" म्हणायला तोंड उघडलं.

"आजोबा, चार पडलेत. पाच चाललात."

"दिसत नाही रे मला नीट."

"फाउल. हात वर करा."

वडील माझ्याकडं बघायला लागले. मी पेपर वर धरला. तिकडं पोरगा हटेना. शेवटी वडिलांनी हात वर केला, सोंगटी शिडीवर नेली आणि पुढच्या तीन डावांत जिंकले. पोराचं तोंड लालबुंद. ओठ थरथरायला लागले. उठला, दाराच्या पडद्यात जाऊन उभा राहिला, फक्त पाय दिसत होते. मी उठणार होतो, बायकोनं आतनं खुणावलं, बसा.

दोनेक मिनिटांनी आला. नाक पुसलं. वडिलांपुढं हात केला, वडिलांनी मिळवला. मग कमरेवर हात ठेवून म्हणतो, "जिंकलात ना? मग सोंगट्या तुम्ही भरा डब्यात."

वडील गुडघे धरून खाली बसले. तीन सोंगट्या सापडल्या. चौथी आणि फासा पलंगाखाली गेला होता, तो काढायला मोबाइलची बॅटरी मी धरली.